ठमाकाकीच्या टीव्हीतलं धुकं

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचं बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "परब, तुम्ही गणपतीच्या मांडवात जे सांगता ना, तेच लिहून द्या." मांडवात मी काय सांगतो ते नेरूळच्या आमच्या सेक्टरातल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ आहे. एका मंत्र्याचा टीव्ही मी नुसत्या फोनवरून दुरुस्त केला आणि त्याने लाल दिव्याच्या गाडीतून मला पेढे धाडले. वाशीला एका डॉक्टरांच्या टीव्हीत उंदरांच्या तीन पिढ्या नांदत होत्या आणि त्यांतला म्हातारा उंदीर सामन्याचा स्कोअर ऐकल्याशिवाय झोपत नसे. हे सगळं खरं आहे, मधेमधे थोडं हाताने भरलेलं. टीव्हीत रंग भरता भरता ती सवय तोंडाला लागली.

पण कागद पुढे घेतला आणि ज्या गोष्टीपासून मी मांडवात पळ काढतो तीच समोर येऊन बसली. ती गोष्ट आता दुसरेच लोक सांगतात. मी असलो की मुद्दाम मोठ्याने सांगतात. म्हटलं, निदान एकदा माझ्या हातून जाऊ दे.

आधी तो टीव्ही काय प्रकार होता ते सांगितलं पाहिजे. आजचे टीव्ही भिंतीला कॅलेंडरसारखे टांगतात. त्या काळात मोठा पडदा हवा तर पाठीमागून चित्र मारणारा टीव्ही घ्यावा लागे, आणि तो म्हणजे कपाट. अक्षरशः कपाट. खालच्या अंगाला तीन नळ्या असत, एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येक नळीच्या तोंडावर वाटीएवढं भिंग. तिघींची तीन चित्रं वर फेकली जायची, मागच्या तिरप्या आरशावर आपटून पडद्यावर यायची आणि तिथे एकावर एक तंतोतंत बसायची. बसली तर माणूस दिसतो. एक जरी बोटभर सरकली, तर त्याच माणसाला लाल नाक वेगळं आणि निळं नाक वेगळं. या टीव्हीचं निम्मं दुखणं हेच. उरलेल्या निम्म्यात आरशावरची धूळ, नळ्यांना थंड ठेवणारं पाणी गढूळ होणं, आणि मालकाने स्वतः उघडून बघणं.

हा टीव्ही उघडणारा माणूस ठाणे-बेलापूर पट्ट्यात माझ्याशिवाय कोणी नव्हता. होते दोघं-तिघं, पण मी आहे म्हटल्यावर ते नव्हतेच.

शिरवण्याच्या हसुरामशेठच्या घरात असलं धूड होतं. आणलं तेव्हा दारातून जाईना, म्हणून चौकट काढली. मी सांगताना भिंत पाडली असं सांगतो. हसुरामशेठ म्हणजे मूळचा भातशेतीवाला माणूस, शेत गेलं, मग खडी-रेतीच्या गाड्या घेतल्या. आवाज असा की बोलला की शेजारी दार उघडून बघायचे. त्यांची बायको ठमाकाकी. लहान चणीची, कपाळभर कुंकू, आणि कोणी काहीही सांगितलं तरी मान तिरकी करून ऐकणारी. अशा बाईसमोर माझ्यासारख्याची जीभ जागेवर राहत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाचं, जनार्दनचं लग्न नुकतंच झालेलं. हळदीची कॅसेट लावली होती आणि टीव्हीत तिन्ही चित्रं तीन दिशांना पळालेली. आगरी हळद म्हणजे आधीच अख्खं गाव नाचतं. त्यात एकेकाचे तीन-तीन झाले. पडदाभर जत्रा.

काकी घाबरली होती. "परबा, बग रं, ह्यांच्या मागं दोन भुता लागल्यान."

हसुरामशेठ बाजेवरून गरजले, "एक भूत तर मी लगीन करून आनलाय, अजून दोन कुठशी आली?"

मी खालची जाळी काढली, फळीचे स्क्रू काढले, जळलेला पार्ट बदलला आणि पडद्यावर रेघांचं जाळं आणून तिन्ही रंग एकावर एक बसवत बसलो. हे काम शिवणकामासारखं असतं, हाताला काम आणि तोंडाला सुट्टी. काकी शेजारी उकिडवी बसून आत बघत होती. काळोखात तीन भिंगं पेटलेली, लाल, हिरवं, निळं.

"ह्या काय हाय?" तिने हळूच विचारलं.

आता सरळ सांगता आलं असतं की भिंगं आहेत. मी म्हणालो, "काकी, हे ब्रह्मा, विष्णू, महेश. तिघांचं एकमत झालं की माणूस दिसतो. एक जरी बिनसला तर तुमच्या शेठला तीन तोंडं. म्हणून यांना हात लावायचा नाही. लावलाच तर अंघोळ करून."

हसुरामशेठ पोट धरून हसले. म्हणाले, "परबा, तू गटाराला पन गंगा बोलशील." काकी हसली नाही. तिने हळूच मान डोलवली. त्याच भरात मी तिला तो मंत्र्याचा किस्साही ऐकवला, पेढ्यांसकट. निघताना फळीचे खालचे दोन स्क्रू लावायचा कंटाळा केला. पुन्हा आलो तर वेळ वाचेल, अशी माझी कारागिरी.

मधे बरीच वर्षं गेली. हसुरामशेठ गेले. त्यांच्या माघारी जनार्दनने जुनं घर पाडून चार मजली इमारत उठवली, वर भाडेकरू, खाली स्वतः. टीव्ही तळमजल्याच्या हॉलमध्ये आला. मीही दुकान बंद केलं होतं, पण जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येत. असाच काकीचा आला.

"परबा, टीव्हीत धुका पडलाय रं. हलदीच्या कॅसेटीत ह्यांचा तोंड नाय दिसत."

मी तेव्हा बेलापूरला एका मुंजीत जेवायला बसलो होतो. समोर जिलबी होती. ते धूड उघडायला शिरवण्याला जायचं म्हणजे अंगावर काटा. मी पोटातून आवाज काढून, डॉक्टरसारखं थांबून थांबून विचारलं, "काकी, रंग दिसतात? आवाज येतो? मग टीव्ही ठणठणीत आहे. मोतीबिंदू असणार. डोळे दाखवा." फोन ठेवला आणि पंगतीला सांगितलं, "बघा, याला म्हणतात निदान. टीव्ही न बघता माणसाचा आजार सांगितला." पंगत हसली. मी जिलबी वाढून घेतली.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी जनार्दनचा फोन आला. काम वेगळंच होतं.

"परबसाहेब, एकदा घरी येऊन जावा. टीव्ही उघडल्यासारका करा, आनी आयला सांगा, मेला म्हनून. मना हॉलमध्ये नवीन घ्यायचाय, ती ह्या डब्ब्याला हात लावू देत नाय."

"अरे, पण नव्यावर दाखव की ती हळद."

"दाखवली. पेन ड्राईव्हमध्ये घालून दाखवली. बोलली, ह्यो माजा नवरा नाय, ह्यो कोनी जाडा मानूस हाय."

बरोबर होतं तिचं. जुनं चौकोनी चित्र नव्या रुंद पडद्यावर ताणलं की सगळेच फुगतात. आणि त्या जुन्या टीव्हीत हसुरामशेठ कमरेपर्यंत खरोखर माणसाएवढे दिसायचे. पण जनार्दन म्हणाला, "तुमच्यावर तिचा देवासारका इस्वास हाय. तुमी बोललात तर ऐकंल," आणि मी फुगलो. खोटं सांगायला मला बोलावणं आलंय याची लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो मान.

गेलो. जनार्दन मला बसवून मुद्दाम बाहेर सटकला. सूनबाई स्वयंपाकघरात. काकी आता वाळून एवढीशी झाली होती, पण डोळे लख्ख. मी आत पाऊल टाकलं तेव्हा म्हणाली, "परबा, तुजा खरा जाला. मोतीबिंदूच व्हता. दोनी डोल्यांचा आपरेशन केला."

माझी छाती दोन इंच वाढली. "मी म्हटलं नव्हतं?"

"सगला दिसतो आता. सुईत दोरा घालतंय. समोरच्या बिल्डिंगीत कोन भांडतंय ता दिसतो." मग टीव्हीकडे हात केला. "ह्योच नाय दिसत."

तिने त्या हळदीच्या कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडी लावली. पडद्यावर दूध सांडल्यासारखं पिवळट धुकं. त्यात काहीतरी हलत होतं, बँजो वाजत होता, पण ओळखू येईल असा एकही माणूस नाही.

ती अगदी खाली, सूनबाईला ऐकू जाणार नाही अशी बोलली. "ह्यांनी मरताना सांगितला व्हता, ठमा, घर पाडू देऊ नको. मी पोराच्या भरीला परून हो बोलली. घर पारला तवापासून ह्यो धुक्यात गेला. पयला मना वाटला डोले. डोले केले. मंग समाजली. त्यालाच माज्या समोर याचा नाय. रुसलाय."

मी नेहमीसारखा हसणार होतो, पण तिने माझ्याकडे बघितलं. ती विचारत होती. तू टीव्हीतलं जाणतोस, सांग, रुसलाय का तो?

टीव्ही बंद केला, वायर काढली, जाळी काढली. फळीचे खालचे दोन स्क्रू नव्हतेच, नुसती उचलली तरी हात आत जाईल अशी. मी फळी काढली, गुडघ्यावर बसून बॅटरी आत मारली.

तिन्ही भिंगांवर हळद-कुंकू होतं. टिकली नव्हे, लेप. वर्षांवर वर्षं चढलेला, वाळून पापुद्रे आलेला, कडेला तांदळाचे दाणे चिकटलेले, एका खोबणीत झेंडूची सुकलेली पाकळी. भिंगावर लागलेला डाग अशा टीव्हीत डाग म्हणून दिसत नाही, उजेड विसकटतो आणि सगळ्या चित्रावर धुकं धरतं. एवढं सगळं मला माहीत होतं. भिंगावर देव कोणी बसवला तेही माहीत होतं.

"काकी, हे कोणी लावलं?"

"मी." अभिमानाने म्हणाली. "दर दसऱ्याला. गाड्यांना लावतंय, मिक्सरला लावतंय, मंग ह्या तिघांना नको? तूच बोललेलास. आंगोल करूनच हात घालतंय, काय बी दिसत नाय आतमंदी, चाचपून लावतंय. आनी ह्यो रुसल्यापासून अमावास्येला पन लावतंय. बोलतंय, देवा, तुमी तिघा एकमत करा, मना ह्यांचा तोंड दिसू दे."

म्हणजे बघा. धुकं पडलं म्हणून ती हळद लावत होती, आणि हळद लावली की धुकं वाढत होतं.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते, आणि पहिला इतका गुळगुळीत होता की माझी जीभ त्यावर निघालीसुद्धा होती. भिंगं पुसायची, चित्र लावायचं आणि म्हणायचं, "काकी, रुसवा गेला!" मांडवात सांगायला काय गोष्ट झाली असती. पण मग ती आनंदाने पुढच्या दसऱ्याला दुप्पट हळद लावणार. पुन्हा धुकं. पुन्हा तो रुसणार. आणि त्या वेळी मी असेन की नसेन.

"काकी," मी म्हणालो, "ते देव नाहीत. भिंगं आहेत. चष्म्याला असतात तशी. मी बाता मारल्या होत्या."

तिने एकदम पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. मला वाटलं होतं चिडेल, दोन शिव्या घालेल. आगरी बाईच्या शिव्या खायची माझी तयारी होती, त्यांत जीव असतो. तिने शिवी दिली नाही. पुटपुटली, "येवरी वर्सा मी काचंला हलद लावली? सूनबायला सांगू नको हां, परबा. हसंल ती."

बाता मी मारल्या होत्या आणि तोंड ती लपवत होती. माझ्या कामात दोनदा शॉक लागून मी भिंतीवर आपटलोय (मांडवात पाच वेळा सांगतो), पण असं कधी लागलं नव्हतं.

"मी सांगत नाही," मी म्हटलं. "आणि ऐका, शेठ रुसले नाहीत. हळदीनं धुकं झालंय. एवढंच आहे."

तिने पदर खाली केला. मान तिरकी केली. "परबा, तो मंत्री व्हता ना तुजा? फोनवर टीव्ही नीट केलास तो?"

"हो."

"व्हता का खरा?"

मी बॅटरी खाली ठेवली. मग म्हटलं, "मंत्री नव्हता. मंत्र्याच्या बंगल्यावरचा माळी होता."

"टीव्ही?"

"रेडिओ होता, काकी."

"नीट जाला?"

"नाही."

"पेढे?"

"पेढे मीच घेतले होते. दुसऱ्या कामाच्या पैशांतून."

ती हसली नाही. म्हणाली, "मंग आता ह्यो रुसला नाय बोलतोस, ता कसा धरू मी?"

आयुष्यात एकदा, फक्त एकदा, माझ्या तोंडून निघालेलं सरळ वाक्य एका माणसाला खरोखर हवं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं म्हणूनच ते कवडीमोल झालं होतं.

मग शब्द सोडले आणि कामाला लागलो. ही भिंगं प्लास्टिकची असतात. स्पिरिट लावलं तर भिंगावरचा मूळचा पारदर्शक थर उडतो, नखाने खरवडलं तर चरे पडतात. फिल्टरच्या पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा, मऊ फडकं भिजवून हळद आधी फुगू द्यायची, मग मधून कडेला अलगद उचलायची. लाल भिंग पुसलं, निळं पुसलं. हिरवं तसंच ठेवलं. चित्रातला जास्तीत जास्त उजेड आणि बारकावा हिरव्यातून येतो. तिथे मी थांबलो आणि फडकं काकीच्या हातात दिलं.

"मी पुसलं तर म्हणाल परबाने जादू केली. हे तुम्ही पुसा."

"मी? माज्या हातानं?"

"लावलं ज्या हाताने त्याच. टीव्ही बंद आहे, वायर काढलीय, काही होत नाही."

ती जमिनीला कानशील टेकवून आडवी झाली. बॅटरी मी धरली. आधी तिने दोन्ही हात जोडले. सवय कशी जाणार. मग पुसायला लागली. लेकराचे डोळे चिकटल्यावर आई ओल्या कापडाने पुसते ना, तसं. फडकं पिवळं झालं, मग लाल, मग काळपट. पाणी तीनदा बदललं की चारदा कोण जाणे, तिने मला मधे बोलू दिलं नाही. "आता पुरे," म्हटलं तर म्हणाली, "तू गप. कोपऱ्यात हाय अजून."

वायर लावली. असल्या टीव्हीत आवाज आधी येतो, नळ्या तापायला वेळ घेतात. काळ्या पडद्यावर नुसता बँजो वाजू लागला, बायकांचा गलका, कोणीतरी "अरे, पान्याचा टँकर आला का" म्हणून ओरडलं. काकी पडद्यासमोर उभी. मी तिच्या मागे. खरं सांगतो, आणि हे खरं खरं आहे, त्या काही क्षणांत मी प्रार्थना केली. कोणाला, ते मला माहीत नाही.

चित्र उजळलं. मांडव, पिवळे झालेले लोक, आणि मधोमध हसुरामशेठ, डोक्याला उपरणं बांधलेले, दोन्ही हात वर, कमरेपर्यंत पूर्ण माणसाएवढे. नाचता नाचता त्यांनी कॅमेऱ्याकडे वळून बघितलं. गालावरचे खुंटसुद्धा मोजता येतील इतका तो चेहरा स्पष्ट.

काकी पुढे झाली, पडद्याला नाक लागेल इतकी.

"दाढी नाय केली," ती म्हणाली. "बग. पोराच्या हलदीला दाढी नाय केली. मी सकालपासून बोलत व्हती, न्हावी आयलाय, बसा, बसा. ऐकला नाय." तिचा आवाज चढला. "मुडद्या, पोराच्या हलदीला!"

तिने इतक्या वर्षांनी नवऱ्यावर ओरडून घेतलं. अर्धा तास तरी ओरडली. मी सांगतोय म्हणून तुम्ही दहा मिनिटं धरा. ज्याने आपल्याला माफ केलं नाही असं वाटतं, त्याच्यावर कोणी असं ओरडत नाही.

आवाज ऐकून सूनबाई पदराला हात पुसत बाहेर आली, तेवढ्यात जनार्दनही दारात. त्याने मला डोळ्याने खूण केली. "काय परबसाहेब? मेला ना?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तयार होतं, भिंगावर मीच कधीकाळी लावलेलं रसायन पिवळं पडलं, चूक माझी, काकीचा काही संबंध नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला लहान करणारी थाप मारणार होतो.

"तू गप," काकी म्हणाली. "तुजी सांगायची पाली संपली. मी सांगतंय." आणि तिने सगळं सांगितलं. तीन देव, आंघोळ, अमावास्या, सगळं. सून हसली. हसली म्हणजे भिंत धरून हसली. काकीही हसायला लागली. जनार्दनला काय करावं ते कळेना, त्याने मला चहा विचारला.

टीव्ही अजून त्या हॉलमध्ये आहे. चित्राला किंचित पिवळी झाक राहिली, प्लास्टिकमध्ये मुरलेली हळद कोणाच्या बापाला निघत नाही. पण हळदीचीच कॅसेट, कोणाच्या लक्षात येणार? दसऱ्याला काकीने फोन करून विचारलं, आता हळद कुठे लावू? मी म्हटलं बाहेरच्या लाकडावर लावा. ती म्हणाली, "नक्की? का ह्या पन तुज्या माल्याचा रेडिओ?" फळीचे ते दोन स्क्रू मी परत जाऊन लावून आलो.

ती ही गोष्ट आता शिरवण्यात सगळ्यांना सांगते, तिच्या नात्यातून ती आमच्या सेक्टरातही पोचली. फार चांगली सांगते. तिच्या सांगण्यात हळद बादलीभर निघते, आणि टीव्ही लागल्यावर परब मेकॅनिक पडद्यासमोर लोळण घेऊन ढसाढसा रडतो. यंदा गणपतीच्या मांडवात कोणीतरी मला विचारलं, खरंच रडलात का हो?

मी रडलो नव्हतो. पण हे मी सांगून धरणार कोण?